सातशे चारमधली भाजणी

आमच्या घरात अपघात होत नाहीत. कारण ते सगळे मी आधीच मनातल्या मनात घडवून, त्यांचा बंदोबस्त करून मोकळी झालेली असते. तन्वी, माझी मुलगी, चार वर्षांची आहे. तिनं आजवर नाकात शेंगदाणा घातलेला नाही, कारण आमच्या घरात शेंगदाणा येतो तोच कूट होऊन. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंज आहे. बाल्कनीला जाळी आहे आणि त्या जाळीला आतून आणखी एक जाळी आहे. उदय, म्हणजे माझा नवरा, एकदा म्हणाला, "माधवी, आपण फ्लॅटमध्ये राहतो की पार्सलमध्ये?" म्हणू दे. पार्सल फुटलं की कळतं.

त्यामुळे दसऱ्याला तोरण बांधता बांधता सासूबाई स्टुलावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या, तेव्हा आश्चर्य न वाटलेली घरातली मी एकटीच. ते स्टूल सकाळपासून माझ्या मनात तीनदा पडलं होतं.

पण त्या मोडलेल्या मनगटामुळे जो प्रश्न उभा राहिला, तो मात्र माझ्या यादीत नव्हता. दिवाळीची भाजणी कोण करणार?

तुम्ही म्हणाल, यात प्रश्न कसला? चार डाळी भाजायच्या, दळून आणायच्या, चकल्या पाडायच्या. तुम्ही आमच्या मोठ्या काकांना ओळखत नाही. भगवंतराव काका म्हणजे आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, थोरले दीर. राहतात अजून जामबागेतल्या जुन्या घरातच. दरवर्षी वसुबारसेला नामपल्लीला मेट्रोत बसून आमच्याकडे मियापूरला येतात, सोफ्यावर ताठ बसतात, चकली कानाजवळ नेऊन मोडतात, तिचा आवाज ऐकतात, मग खातात. आणि म्हणतात, "छान झालीय. पण आईची..."

पुढचं वाक्य ते कधीच पूर्ण करत नाहीत. तांब्याभर पाणी पितात. त्या 'पण'वर आईंनी चाळीस दिवाळ्या काढल्यात. एका वर्षी जिरं वाढवलं, एका वर्षी मूग कमी केला, एका वर्षी तांदूळ बदलला. 'पण' जागचा हलला नाही.

भाजणीचं माप आईंनी कुणाला दिलेलं नाही. पोटच्या लेकीला, त्रिवेणीवन्संना नाही, तर मला कुठून देणार? मोजायची वेळ आली की त्या आमच्याकडे पाठ करायच्या, एटीएमसमोर उभं राहिल्यासारख्या. गेल्या वर्षी नेमका दिवाळीत त्यांना ताप आला आणि मी अंदाजानं चकल्या केल्या. त्या तेलात पडल्या आणि विरघळल्या. नुसतं तेल उरलं, तेही गढूळ. मग मी सुलतान बाजारातून चकल्या आणल्या आणि आमच्या डब्यात भरून पुढे ठेवल्या. काकांनी एक कानाजवळ मोडली आणि विचारलं, "ही सुलतान बाजारातून बसनं आली का ऑटोनं?"

म्हणून यंदा आईंनी मला जवळ बसवलं. प्लास्टरचा हात उशीवर, डावा हात माझ्या मनगटावर.

"हे बघ, माहेरच्या शेतातले उडीद आलेत, हरभरा आलाय, तांदूळ आलाय. वर्षाला एकदा येतात. माप सांगते तुला. पण वाया घालवलीस, तर पुढच्या वर्षापासून दुकानातूनच आणायची. माझ्यानं आता व्हायचं नाही."

"आई, तुम्ही काळजीच करू नका," मी म्हणाले. "मी सगळा आधीच विचार करून ठेवते."

त्यांनी उदय बेडरूममध्ये असल्याची खात्री केली आणि माझ्या कानात सांगितलं. चार तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धा मूग, आणि धने, जिरे, पोहे मुठीनं.

"कुणाच्या मुठीनं?"

"माझ्या."

आम्ही दोघींनी प्लास्टरकडे पाहिलं. मूठ आत होती.

* * *

आता माझ्या विचारपूर्वक केलेल्या तयारीकडे येते.

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म आहे. तो फार हळव्या स्वभावाचा आहे. श्रावण संपल्यावर दहाव्या मजल्यावर कुणी तरी भरताचं वांगं भाजलं, तर तेरा मजल्यांची माणसं खाली पार्किंगमध्ये जमली होती, त्यात एक जण टॉवेलवर. सात जिनसा मंद आचेवर भाजायच्या म्हणजे किमान दोन तास धूर आणि वास. मी डोळ्यांसमोर पाहिलं : अलार्म वाजतोय, जिन्यात चेंगराचेंगरी, आई प्लास्टरसकट खाली, तन्वी कुणाच्या तरी कडेवर, आणि कढईत उडीद जळतायत.

म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आगाऊ सूचना टाकली. आमच्याकडे तेलुगू, कन्नड, तमिळ, मारवाडी सगळेच, त्यामुळे ग्रुपचा कारभार इंग्रजीत. मी लिहिलं त्याचा मराठीत अर्थ असा : 'शनिवारी दुपारी चार ते सहा ७०४ मध्ये भाजणी आहे. थोडा धूर आणि वास येईल. कृपया घाबरू नये. सहकार्याबद्दल आभार.'

पाच मिनिटांत एकतीस जणांनी हात जोडलेले चित्र पाठवले. किती समजूतदार सोसायटी, मला भरूनच आलं.

अकराशे तीनच्या आजोबांनी विचारलं, "कोणाची?"

काय चौकस माणूस. मी लिहिलं, "सासूबाईंची."

आणखी सात हात जुळले.

नऊशे दोनच्या सुगुणम्मा आंटींनी विचारलं, "आम्ही काही आणायचं का?"

मला वाटलं, कढई तापलेलीच आहे तर त्यांनाही काही भाजून घ्यायचं असेल. शेजारधर्म आहे. मी लिहिलं, "ज्यांना हवं त्यांनी आपापलं आणावं. एकत्रच होऊन जाईल."

फोन ठेवला आणि उदयला म्हणाले, "बघितलंस? दोन ओळी आधी लिहिल्या की माणसं कशी वागतात."

"हं," उदय म्हणाला. त्याचं लॅपटॉपकडे लक्ष होतं. तो त्या वेळी ग्रुप वाचत असता, तर पुढचं काही झालं नसतं. पण हे मी त्याला आजवर फक्त चार-पाचदाच ऐकवलं आहे.

* * *

शनिवार. तांदूळ, डाळी धुऊन, सावलीत वाळवून तयार. तन्वी बेडरूममध्ये चित्रं रंगवत, खडू चावण्यालायक नाहीत याची खात्री केलेली. उदय त्याच खोलीत कानाला हेडफोन लावून परदेशातल्या लोकांशी बोलत. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर. नाक माझ्या दिशेनं.

"तांदूळ झाला. उतर."

"अजून पांढराच दिसतोय."

"दिसायचा नाही. वासाकडं बघ."

वासाकडे कसं बघायचं ते मला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं, पण उतरवला. एकेक जिन्नस भाजून झाली की ती गार करायला हॉलमध्ये नेत होते. तिथे टीव्हीखाली आईंचं जुनं पांढरं लुगडं धुऊन अंथरलं होतं आणि त्यावर एकेक रास वेगळी. तांदूळ, हरभरा डाळ, मूग, पोहे, धने, जिरे. सहा राशी ओळीनं मांडल्या. ग्रुपवर चारची वेळ दिली होती, पण खबरदारी म्हणून मी दोनलाच सुरुवात केली होती. चार वाजले. अलार्म गप्प. राहिले फक्त उडीद, आणि उडीद म्हणजेच चकलीचा जीव. मी कढई चढवली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सुगुणम्मा आंटी. अंगावर मोरपंखी रेशमी साडी, डोक्यात वीतभर मोगरा, हातात टाळ. माझं लक्ष टाळांकडे गेलंच नाही. माझ्या डोक्यात धूर. मला वाटलं, त्रास होतोय हे सांगायला आल्या.

"सॉरी आंटी," मी म्हणाले. "शुरू हो गया है. थोड़ी देर में खतम."

"शुरू हो गया?" त्यांनी कपाळाला हात लावला आणि वळून लिफ्टकडे ओरडल्या, "अरे जल्दी आओ, शुरू हो गया बोलते!"

लिफ्टमधून आधी एक पेटी आली. वाजवायची. तिच्यामागून ती धरलेले त्यांचे यजमान, राव गारू. मग एक डफ, दोन समया, नारळांची पिशवी, मग बायका, बायका आणि बायका. मी मोजल्या. ही माझी सवय आहे, खोलीत माणसं किती आणि दारं किती हे मला माहीत असावं लागतं. माणसं बावीस. दार एक.

"आंटी, ये सब..." मी पेटीकडे बोट दाखवलं.

"तुमीच बोले ना अम्मा, अपना अपना लाओ करके."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर माझाच संदेश आला. इंग्रजी अक्षरं. बी, एच, ए, जे, ए, एन, आय. तुम्हीच लिहून बघा. भाजणी लिहा, नाहीतर भजनी लिहा. इंग्रजीला काही फरक पडत नाही. मी अख्ख्या इमारतीला भजनाचं आमंत्रण दिलं होतं, आणि वर 'धूर येईल, घाबरू नये' म्हणून उदबत्तीची हमीसुद्धा.

मी धावत आत गेले. "आई, घोटाळा झाला. लोक भजनाला आलेत."

"कुणाच्या?"

"आपल्या."

आई म्हणाल्या, "मग बसा म्हण की. देवाच्या नावानं आलेल्याला दारातून माघारी धाडत नसतात. आणि ते उडीद हलव. भाजायलीस का जाळायलीस?"

मी उडदाकडे वळले आणि आई उठून बाहेर गेल्या. यजमानीण नको का कुणी? दारात त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार पडल्याचं मला मागून कळलं. 'सासूबाईंची' असं मी लिहिलं होतं ना, म्हणजे भजन त्यांचंच.

आता माझी अवस्था बघा. उडीद मंद आचेवर, सोडून हलता येत नाही. हॉल भिंतीपलीकडे, दिसत नाही. मला न दिसणारी खोली म्हणजे माझ्यासाठी घडलेला अपघातच. मी कानांनी बघायला लागले. पेटी लागली. डफ वाजला. तेलुगूत दोन भजनं झाली. मग कुणी तरी म्हणालं, "अब अम्मा का." आणि एका बाईंचा आवाज आला, भरदार, थोडा खरखरीत, एक जुनी गौळण म्हणणारा. कोण बरं ही, म्हणून मी कान दिला आणि झारा माझ्या हातात थांबला. त्या आई होत्या. जामबागेतल्या भजनी मंडळात त्या गायच्या हे मी ऐकून होते. पण आमच्या सातव्या मजल्यावर सहा वर्षांत त्यांनी तो आवाज फक्त 'दूध उतू चाललंय' एवढ्याच कामाला वापरला होता.

ऐकत राहिले असते. पण बेडरूमचं दार वाजलं. तन्वी बाहेर गेली. बावीस माणसांत, समया पेटवलेल्या हॉलमध्ये. उडीद नेमके तेव्हाच गुलाबी झाले. मी कढई उचलली आणि तशीच बाहेर धावले.

हॉलमध्ये जे पाहिलं ते कुठल्याही यादीत नव्हतं. माझ्या सहा राशींवर हळदकुंकू. प्रत्येकीवर एक एक शेवंती. तांदळात नारळ उभा. हरभरा डाळीत उदबत्ती खोचलेली. आणि राशी सहा नव्हत्या, आठ होत्या.

"कितना अच्छा सजाये अम्मा, नवधान्यम," सुगुणम्मा आंटी गहिवरून म्हणाल्या. "छे ही थे, तो मैं ऊपर से तिल और कुलथी मंगाई. फिर भी आठ. मैं सोच रही थी नौवां किधर है..." त्यांची नजर माझ्या कढईवर पडली. "देखो, अम्मा खुद लेके आई!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बावीस माणसं आपल्याकडे भक्तिभावानं बघत असताना कढई परत आत नेता येते का? मला तरी नाही आली. मी चेहऱ्यावर जमेल तेवढा प्रसन्नपणा आणला आणि उडीद नवव्या जागी ओतले. त्यांच्यावर लगेच कुंकू पडलं.

मग आरती. आंटींनी नऊच्या नऊ राशींवर खायचा कापूर चुरून घातला, तबकात जळायचा पेटवला, आणि दोन तास भाजणीच्या धुराला शब्दही न बोललेला अलार्म एवढ्याशा कापराला केकाटायला लागला.

कुणी हललं नाही. सगळ्यांनी सूचना वाचली होती. राव गारूंनी एक डोळा उघडला, अलार्मचा सूर ऐकला, पेटीची पट्टी बदलली आणि आरती त्या सुरात वर नेली. अलार्म साथीला राहिला. उदय हेडफोनसकट बाहेर आला, तोंड उघडून उभा राहिला आणि परत आत गेला. त्याच्या कॉलवरच्या साहेबांनी शेवटी 'आमेन' म्हटलं असं तो सांगतो.

आरती संपली आणि सुगुणम्मा आंटींनी पदर खोचला. दोन्ही हात राशींत घातले आणि नऊच्या नऊ एकत्र कालवल्या. माझं चार, दोन, एक, अर्धं. चाळीस वर्षं पाठ करून राखलेलं माप.

"आंटी, सुनिए, ये प्रसाद नहीं है, ये तो..."

"हौ अम्मा, मालूम. ये महाप्रसाद है," म्हणत त्यांनी पहिली मूठ अकराशे तीनच्या आजोबांच्या रुमालात घातली.

मी पुढे होऊन त्यांचा हात धरणार होते. खरंच धरणार होते. पण त्याच वेळी रांगेतली दुसरी ओंजळ पुढे आली, ती तन्वीची. आणि ओंजळीतली कडकडीत हरभरा डाळ सरळ तोंडात.

सांगा, मी काय करायचं? मी तन्वीला उचललं, बाथरूममध्ये नेलं, तोंड उघडवलं, डाळी मोजल्या. चार निघाल्या. "किती घातल्या होत्यास?" "पाच." मग पाचवी शोधली. ती फ्रॉकच्या खिशात सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली. बाहेर आले तेव्हा आंटी लुगडं झटकत होत्या.

"प्रसाद बाकी नहीं रखना," त्यांनी मला समजावलं. "सब को दे दी मैं. तुम टेन्शन नक्को लो."

* * *

माणसं गेली. आई लुगड्याची घडी घालत बसल्या, डाव्या हातानं. पांढऱ्यावर हळदीचे नऊ डाग. गळ्यात अजून हार.

"आई, माप माझ्या लक्षात आहे," मी म्हणाले.

"मापाला काय करायचं? धान्य कुठंय?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी हार काढून देव्हाऱ्यात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "सुलतान बाजारातून आण जा. काकांना सांग, ऑटोनं आल्या म्हणून."

रविवारी सकाळपासून ग्रुपवर चर्चा. महाप्रसाद कसा घ्यायचा? भिजवायचा का? कुकरला किती शिट्ट्या? पाचशे एकनं लिहिलं की त्यांची दाढ हलली, पण तरी फार प्रसन्न वाटतंय. त्यावर अकराशे तीनच्या आजोबांनी खुलासा केला की कवळी असणाऱ्यांनी चोखावा. मी तीन वेळा 'खरं म्हणजे' असं लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. प्रसाद परत मागितल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?

सोमवारी नऊ वाजता बेल. सुगुणम्मा आंटी. साधी सुती साडी, हातात मोठा स्टीलचा डबा, आणि चेहरा पोलिसासारखा.

"अम्मा, सच बोलो. ये धान कौन भुना?"

"मैंने."

"प्रसाद कोई भूनता? कल मेरे दांत के नीचे धनिया आया, तो मैं समझी. ये तो जंतिकलु का पिंडी है. तुमारी चकली का आटा."

मी मान खाली घातली. पाठीमागे आईंची खुर्ची करकरली.

"मुंह में जबान नहीं थी?"

"आप गा रहे थे ना, आंटी."

आंटींनी डबा टेबलावर आपटला. त्या रविवारी संध्याकाळी सगळ्या घरांतून फिरल्या होत्या. प्रसाद मागितला की परत मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी सांगितलं की विधीतला एक भाग राहिलाय. एकोणीस घरांनी मुकाट्यानं काढून दिला. दोघांनी संपवला होता, एकानं खिचडी केली होती. आणि तो सगळा त्यांनी त्या सकाळीच दळूनसुद्धा आणला होता.

"पूछती, तो तुम 'नको आंटी' बोलती," त्या म्हणाल्या.

डबा उघडला. पीठ केशरट, आणि वास थेट देवळाचा. आत कुळीथ होते, तीळ होते, हळदकुंकू होतं, बहुधा एखादी शेवंतीची पाकळीही असावी. आईंनी चिमूट घेतली, वास घेतला. पुन्हा घेतला. कपाळाला आठी घातली, काही तरी आठवत नसल्यासारखी.

"मळ," त्या म्हणाल्या.

"आई, यात माप कुठलं?"

"मळ म्हणते ना. फेकायचं तर तळून फेकू."

आंटींनी मोहन घातलं, मी मळलं, आईंनी डाव्या हातानं सोऱ्या धरला आणि मी दांडा फिरवला. पहिली चकली तेलात सोडली आणि मी एक पाऊल मागे सरले. ती विरघळली नाही. तळाशी गेली, विचार केला आणि वर आली. काटेरी, तांबूस, सगळे वेढे जागच्या जागी. पीठ थोडंच होतं, बत्तीस झाल्या. खाल्ल्यावर कुरकुरीत, आणि शेवटी जिभेवर बारीकसा कापूर. मी लगेच फोनवर खायच्या कापराबद्दल सगळं वाचून काढलं आणि तन्वीपासून दूर डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. स्टूल बाहेर नेऊन ठेवलं.

* * *

वसुबारस. काका सोफ्यावर ताठ. आईंनी मला आत बोलावलं. "दुकानातल्या वर ठेव, आपल्या खाली."

मी ताट भरलं. दारापर्यंत गेले, आणि काय झालं कुणास ठाऊक, परत फिरले. दुकानातल्या सगळ्या काढल्या. वाईटाचा विचार मी आयुष्यभर आधी करत आलेय. म्हटलं, एकदा नंतर करून बघू.

काकांनी चकली कानाजवळ मोडली. कट्. मान हलली. खाल्ली. आई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. 'पण' आला की तो लागतो.

काकांनी तांब्या घेतला नाही. दुसरी चकली घेतली. मग तिसरी. मग चष्मा काढून पुसला.

"भामाबाई," ते आईंना म्हणाले, "आईचा फराळाचा डबा कुठं असायचा, माहिताय तुम्हाला?"

"मी यायच्या आधीच गेल्या की त्या, भाऊजी. मला कसं माहीत असणार?"

"देव्हाऱ्याच्या कपाटात. कापराच्या वड्यांशेजारी. आम्ही पोरं चोरून खायचो. मागून तोंडाला कापराचा वास यायचा आणि त्यावरनंच चोरी पकडली जायची." त्यांनी चौथी उचलली. "ही आईची चकली आहे."

आईंनी एकदम डाव्या हातानं पदर तोंडाला लावला आणि हसायला लागल्या. "चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी मूग कमी करायलेय, जिरं वाढवायलेय. आणि कापूर होता होय."

"यंदा काय माप घेतलं?" काकांनी विचारलं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "हिला विचारा. भाजणी हिची आहे."

"चार, दोन, एक, अर्धा," मी म्हणाले, "आणि सुगुणम्मांची मूठ."

"छान झालीय," काका म्हणाले. "पण..."

आम्ही दोघींनी एकदम तांब्याकडे पाहिलं.

"पण एवढ्याच का? भाऊबीजेला त्रिवेणी येतेय. तिला दोन किलो लागतात. धान्याचं मी बघतो, तुम्ही फक्त अगदी अशाच करा."

अगदी अशाच. आता तुम्हीच सांगा, अशाच करायला काय काय लागतं? मी फोन घेतला आणि नीट विचार करून, कुठे काही संदिग्ध राहणार नाही अशा बेतानं ग्रुपवर लिहिलं : 'येत्या शनिवारी चार वाजता ७०४ मध्ये पुन्हा तोच कार्यक्रम. पेटी आणावी. तीळ आणि कुळीथ विसरू नयेत. प्रसाद चावू नये. सोमवारी सकाळी नऊच्या आत नऊशे दोनमध्ये जमा करावा. कापूर आमच्याकडे आहे.'

अडतीस हात जुळले. अकराशे तीनच्या आजोबांनी विचारलं, "या वेळी कोणाची?"

माझ्या मनात काकांचं ताट होतं, आईंचं हसणं होतं. मी जराही न थांबता लिहिलं, "माझी."

तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटले की आजोबा चपला काढून मला नमस्कार करतात.